केनिया, इथिओपिया, रवांडाचे दाणे आणि टँकरचं पाणी: घरच्या पोअर-ओव्हर कॉफीच्या नोंदी

२ जून

हाताशी कॉफीच्या दाण्यांची तीन पाकिटं आहेत, प्रत्येकी २५० ग्रॅम. करायची आहे पोअर-ओव्हर, म्हणजे कागदी फिल्टरमधल्या भरडीवर हाताने गरम पाणी ओतून केलेली काळी कॉफी. नैरोबी, अदिस अबाबा आणि किगालीहून आलेल्या सामानातून मिळाली. सरासरी ११५० रुपयांना एक पडलं. इथे आफ्रिकन दाणे मिळतात, पण आयात शुल्कामुळे भाव चढा असतो, त्यामुळे चूक महागात पडते. म्हणून सगळं मोजून लिहून ठेवायचं ठरवलं. घर पुण्यात आहे.

पाकिटांवरचा मजकूर:

इथिओपिया: यिर्गाचेफेतलं कोचेरे, धुतलेली (वाळवण्याआधी फळाचा गर पाण्याने काढलेली), ग्रेड १, वाण ७४११०, भाजल्याची तारीख १८ मे.
केनिया: न्येरी, एए, वाण एसएल-२८ आणि एसएल-३४, ३० मे.
रवांडा: न्यामाशेके, वाण रेड बूर्बाँ, धुतलेली, २२ मे.

लेबल वाचताना दोन ठिकाणी गफलत होते. ‘एए’ हे दाण्याच्या आकाराचं नाव आहे, चवीचं नाही. चाळणीवर वर राहिलेला मोठा दाणा म्हणजे एए, त्याखालचा एबी. बागायतदार तोच असेल तर एबी स्वस्त मिळतो आणि कपात बहुतेकदा फरक कळत नाही. आणि ७४११० हा बॅच नंबर नाही. जिम्माच्या संशोधन केंद्राने १९७४ साली फळरोगाला दाद न देणारी झाडं निवडली, त्यातल्या एका वाणाचा तो क्रमांक. पुढचे ‘७४’ त्या सालाचे.

चौथं एक पाकीट विमानतळावरचं. त्यावर भाजल्याची तारीखच नाही, फक्त ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’. दाणे काळे आणि तेलकट, बोटाला चिकटतात. ते बाजूला ठेवलं.

४ जून

ग्राइंडर अजून आलेला नाही. तोवर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात २० ग्रॅम इथिओपिया फिरवली, थांबत थांबत, दोन-दोन सेकंद. एका चमच्यात पिठी, रवा आणि अर्धे दाणे असं तिन्ही निघालं. कप एकाच वेळी आंबट आणि कडू. पिठीतून कडूपणा उतरला, अर्ध्या दाण्यांतून काहीच उतरलं नाही.

दुसऱ्या खेपेला मैद्याच्या चाळणीने पिठी काढून टाकली. २० ग्रॅममधली ६ ग्रॅम वाया गेली, पण कप पिण्याजोगा झाला. ग्राइंडर नसेल तर तात्पुरता उपाय म्हणून ठीक आहे, रोजचा नाही. ४० ग्रॅम संपले. इथेच थांबलो.

७ जून

हाताने फिरवायचा ग्राइंडर आला: ३८ मिमीची स्टीलची पाती, ६२०० रुपये. सगळ्यात मोठा खर्च हाच आणि तो बरोबर जागी झाला. बाकीचं साहित्य: प्लास्टिकची व्ही६० (कागद बसवायचं शंकूसारखं भांडं), ०२ आकाराची (८५०), कागद १०० (६००), टायमरवाला ०.१ ग्रॅमचा काटा (१४००), लांब बारीक तोटीची गॅसवरची किटली (१९००). चिनी मातीची व्ही६० दिसते छान, पण ती स्वतःच पाण्याची उष्णता पिते. प्लास्टिकची स्वस्त आहे आणि पाणी गरम ठेवते.

भरड किती जाड हवी ते ग्राइंडरवर क्लिकने ठरतं, आकडा मोठा तेवढी भरड जाड. एका ग्राइंडरचा क्लिक नंबर दुसऱ्याच्या ग्राइंडरला लागू होत नाही. आमचे आकडे पुढे दिलेत, पण ते डोळ्यांनी पडताळून घ्यावेत. हवी ती भरड उपम्याच्या रव्याहून जाड आणि लापशीच्या रव्याहून बारीक असते.

पहिला कप केनियाचा. १५ ग्रॅम, १८ क्लिक, २५० ग्रॅम पाणी. ‘उकळतं पाणी कॉफी जाळतं’ हे इतक्या ठिकाणी वाचलं होतं की ८८ अंशांवर ओतलं. कप आंबट, पातळ, कच्च्या वाटाण्यासारखा. तो सल्ला गडद भाजलेल्या दाण्यांसाठी असतो. हलक्या भाजणीचा, उंचावरचा घट्ट दाणा ८८ अंशांना दाद देत नाही. शिवाय पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. दुसऱ्यांदा किटली गॅसवरून उतरवून थेट ओतली. बराच फरक पडला.

पण एक खुपलंच. पहिल्या ४५ ग्रॅम पाण्याला भरडीचा घुमट असा फुगला की कडेने बुडबुडे फुटत राहिले आणि मधे कोरडे गठ्ठे राहिले. भाजून आठच दिवस झालेत, दाण्यात अजून भरपूर वायू आहे. तो बाहेर पडताना पाण्याला आत शिरू देत नाही. केनियाचं पाकीट १४ तारखेपर्यंत बंद.

९ जून

इथिओपियाने अडवलं.

त्याच १८ क्लिकवर, त्याच पद्धतीने पाणी उतरायला ४ मिनिटं ५० सेकंद लागली. केनियाला ३ मिनिटं ५ सेकंद लागली होती. कप कोरडा, कच्च्या सुपारीसारखा जिभेला ओढणारा. व्ही६० उघडून पाहिली तर कागदाच्या भिंतीवर वरपर्यंत चिखलाचा गुळगुळीत थर. बोट लावलं तर भिजवलेल्या मेंदीसारखा लागला. कागदाची भोकं त्यानेच बुजली होती.

इथिओपियाचे दाणे लहान आणि टणक असतात. दळताना त्यांची पिठी केनियापेक्षा जास्त पडते आणि ती पाण्याबरोबर कागदाला जाऊन चिकटते. पाच थोड्या थोड्या खेपांत ओतणं आणि प्रत्येक वेळी भांडं गरगर फिरवणं यानेही ती हलून कडेला जाते.

एका वेळी एकच गोष्ट बदलली:

२१ क्लिक, पाच खेपा, फिरवणं तसंच: ३:५०. अजून कोरडं.
२१ क्लिक, दोनच खेपा, फिरवणं बंद: ३:१०. चव मोकळी झाली.
२३ क्लिक, दोन खेपा: २:५०. मोगऱ्याचा वास पहिल्यांदा आला, तोही कप कोमट झाल्यावर.

भरड जाड केल्याने जेवढं सुटलं, त्याहून जास्त खेपा कमी केल्याने सुटलं. आधी खेपा कमी करा, मग क्लिककडे जा. उलट्या क्रमाने गेलात तर २६-२७ क्लिकपर्यंत पोचाल आणि कप पाणचट होईल.

१४ जून

केनिया १५ दिवसांची झाली, उघडली. घुमट आता नीट फुगतो आणि ४० सेकंदांत बसतो. चव मात्र सपाट. आठवड्यापूर्वीच्या कच्च्या कपातसुद्धा थोडी करवंदाची धार होती, ती नाही. घोटानंतर जिभेवर खडू चोळल्यासारखं. इथिओपिया करून पाहिली, तिचाही वास गेला.

दोन दाणे एकदम बिघडत नाहीत. तिसरीच गोष्ट बदललेली असणार. सोसायटीत १२ तारखेपासून टँकर येतोय. आम्ही नळाचंच पाणी उकळून वापरत होतो. ३५० रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण दाखवणारा) मागवला.

१६ जून

मीटरवर: टँकरचं पाणी ६४०, घरच्या आरओचं ३८.

आरओच्या पाण्याने केलेली केनिया टोकदार आंबट आणि अंगाने पातळ, लिंबू पिळलेल्या गरम पाण्यासारखी. टँकरच्या पाण्याने केलेली खडूसारखी. म्हणजे मधलं पाणी हवं, असं वाटलं. कॉफीसाठी १५० च्या आसपास टीडीएस चांगला, हे सगळीकडे लिहिलेलं असतंच. आरओ दुरुस्त करणाऱ्याला बोलावून टीडीएसचा स्क्रू फिरवून घेतला, ३०० रुपये. मीटरवर बरोबर १५०.

कप पुन्हा सपाट. खडू कमी, पण करवंद नाहीच.

चूक आमची. तो स्क्रू फिरवला की आरओ टँकरचं थोडं पाणी तसंच मिसळतं. मीटर पाण्यात किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. टँकरच्या या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं आणि ते कॉफीतलं आम्ल मारतं. केनियाची सगळी मजा त्या आम्लातच आहे. चिकोरी घातलेल्या दुधाच्या कॉफीला या पाण्याने फरक पडला नसता. काळ्या केनियाला पडला. दुसऱ्या दिवशी स्क्रू होता तसा करून घेतला.

१९ जून

पाणी घरीच बांधलं, म्हणजे आरओच्या पाण्यात हवे तेवढेच क्षार मोजून घातले. दोनच पदार्थ लागतात: एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) आणि खायचा सोडा. एप्सम सॉल्ट औषधाच्या दुकानातून घ्यावं, पाकिटावर ‘आय.पी.’ (औषधी दर्जाची खूण) लिहिलेलं. बागेत घालायचं किंवा पाय बुडवायचं नको. ६० रुपये. सोड्याऐवजी बेकिंग पावडर उचलू नका, त्यात स्टार्च आणि आम्ल असतं.

पहिला प्रयत्न फसला. लिटरभर पाण्यात १.६८ ग्रॅम सोडा असं प्रमाण धरलं होतं. ०.१ ग्रॅमच्या काट्यावर १.६८ मोजता येत नाही. काटा १.६ दाखवतो किंवा १.७, आणि एवढं थोडं थोडं टाकलेलं कधी कधी पकडतही नाही. दोन वेळा केलेल्या पाण्याची चव दोन तऱ्हेची लागली.

उपाय म्हणजे दहापट दाट करायचं:

बाटली क्रमांक १: ५०० मिली आरओच्या पाण्यात १२.३ ग्रॅम एप्सम सॉल्ट.
बाटली क्रमांक २: ५०० मिली आरओच्या पाण्यात ८.४ ग्रॅम खायचा सोडा.

एवढं वजन हा काटा विश्वासाने मोजतो. दोन्ही एकाच बाटलीत घालू नका, दाट द्रावणात साका बसतो. बाटल्यांवर नावं मोठ्या अक्षरांत लिहा आणि फ्रिजमध्ये ठेवा, महिनाभराने नवीन करा.

कॉफीचं पाणी: १ लिटर आरओमध्ये क्र. १ चे ६ ग्रॅम, क्र. २ चे ३ ग्रॅम. मीटर १५० च्या आसपास दाखवतो. आकडा परवाचाच, पाणी वेगळं. ज्यांच्या आरओचा टीडीएस १० च्या खाली आहे किंवा जे डिस्टिल्ड पाणी वापरतात त्यांनी ८ आणि ४ ग्रॅम घ्यावेत.

केनिया केली. करवंद परत आलं. मागे टोमॅटोच्या सारासारखी एक खारट-गोड झाक आहे. न्येरीकडच्या दाण्यांत ती असतेच. तिला खोट समजून भरड बदलत बसू नका.

२१ जून

तिन्ही दाणे एकाच पाण्यावर, एकापाठोपाठ. रवांडा पहिल्यांदाच उघडली: २१ क्लिक, ३:००. काकवीसारखी गोडी, संत्र्याची सौम्य आंबटी, आणि तिघांत सगळ्यात समजूतदार. क्लिक एखाददुसरा इकडेतिकडे झाला तरी कप बिघडत नाही. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिलं पाकीट रवांडाचं घ्यावं असं आमचं मत. इथिओपिया घेऊन सुरुवात करणारे बहुतेक जण कागद तुंबण्याच्या प्रकरणात अडकतात.

२४ जून

त्याच रवांडाने आज दगा दिला. भरडीचं झाकण काढल्याबरोबर सोललेल्या कच्च्या बटाट्याचा वास. मातीचा, पावसाळ्यात पोत्यातून येतो तसा. तरी ओतून पाहिलं. कपात तो दहापट वाढला, एका घोटात बेसिनमध्ये.

रवांडा, बुरुंडी आणि आजूबाजूच्या भागातल्या कॉफीचा हा ठाऊक असलेला दोष आहे. अँटेस्टिया नावाचा ढेकण्या फळाला टोचतो आणि त्या जखमेशी या वासाचा संबंध जोडला जातो. भाजलेल्या दाण्यावर बाहेरून काही दिसत नाही, निवडून काढता येत नाही. पण दोष एका दाण्याचा असतो, पाकिटाचा नाही. पाकीट फेकू नका आणि विकणाऱ्याशी भांडू नका.

कृती: दळल्यावर ओतण्याआधी वास घ्यायचा, रवांडा-बुरुंडीच्या बाबतीत न चुकता. बटाटा आला तर ती भरड टाकायची. पाच-सहा दाणे ग्राइंडरमधून काढून तेही टाकायचे, नाहीतर पात्यांना चिकटलेली पिठी पुढचा कपही नासवते. मग नवीन १५ ग्रॅम. एकदम ४५ ग्रॅम दळून ठेवायची सवय असेल तर या दाण्यांसाठी ती सोडा. एक दाणा तीन कप घालवेल.

२८ जून

पाऊस लागला. हवेत ओल इतकी की पाकीट दोन दिवस उघडझाप केलं तर दाणे दळताना कुरकुरत नाहीत, चिवटपणे तुटतात आणि त्याच क्लिकवर पाणी हळू उतरतं.

म्हणून २५ तारखेला इथिओपियाचे ६० ग्रॅम काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवले होते. चूक. बरणीचं झाकण सैल, शेजारी लसणाची चटणी. आज मोगऱ्याच्या जागी लसूण. चार कप गेले.

उरलेलं सगळं १५-१५ ग्रॅमच्या घट्ट झाकणाच्या नळ्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकलं. २० नळ्या ४०० रुपयांना. फ्रिज नव्हे, फ्रीजर. एका वेळी एक नळी काढायची आणि गोठलेलेच दाणे लगेच दळायचे. नळी बाहेर काढून, उघडून, उरलेले परत ठेवले तर थंड दाण्यांवर दव धरतं. पावसाळ्यात ते अर्ध्या मिनिटात दिसतं. गोठलेले दाणे दळायला हाताला थोडे जड जातात, पण चवीत वजाबाकी नाही.

३ जुलै

ओतण्याचा हात अजून बसलेला नव्हता. त्याच क्लिकवर एक दिवस २:४०, दुसऱ्या दिवशी ३:२०. आफ्रिकन दाण्यांवर सराव करणं म्हणजे पैशाची उधळण, म्हणून चिकमगळूरची धुतलेली अरेबिका आणली, २५० ग्रॅम ४५० रुपये. मुद्दाम सिलेक्शन ९ या वाणाची घेतली. ताफारीकेला हा इथिओपियन वाण आणि तिमोरचा संकर यांच्यापासून ती आपल्याकडे तयार झाली, त्यामुळे थोडा फुलांचा वास तिच्यातही असतो आणि ओतण्यातली चूक कपात लपत नाही.

तीन दिवसांत दहा कप. दोष धारेच्या उंचीत निघाला. किटली एक वीत वर धरली की धार तुटून थेंब पडतात, भरड उसळते. तोटी भरडीपासून चार बोटांवर धरली की धार अखंड राहते. आणि मधूनच, रुपयाच्या नाण्याएवढ्या वर्तुळात. कागदाच्या कडेवर ओतलेलं पाणी कॉफीला न भेटता थेट खाली जातं. आता वेळ पाच-सात सेकंदांच्या आत राहते.

८ जुलै

सध्या चालू असलेली मापं. तिन्हींना १५ ग्रॅम दाणे, बांधलेलं पाणी, उकळीवरून उतरवून थेट. कागद आधी गरम पाण्याने धुवायचा, ते पाणी फेकायचं.

केनिया: २० क्लिक, एकूण २४० ग्रॅम पाणी. आधी ४५ ग्रॅम आणि ४५ सेकंद थांबायचं. मग १४० पर्यंत, १:१० च्या आत. मग २४० पर्यंत, १:४५ च्या आत. ३:०० ला उतरलेली हवी. ३:२० च्या पुढे गेली तर टोमॅटो वाढतो, करवंद मागे पडतं.

इथिओपिया: २३ क्लिक, २५० ग्रॅम. आधी ५० ग्रॅम, चमच्याच्या दांडीने तीनदा हलकेच ढवळायचं, ४५ सेकंद. मग उरलेलं सगळं एकाच संथ धारेत, १:४० पर्यंत. २:५०. शेवटी भांडं फिरवायचं नाही. पाच-सात मिनिटं थांबून प्यायची. गरम असताना चहासारखी लागते, कोमट झाल्यावर मोगरा आणि ईडलिंबाच्या सालीचा वास येतो.

रवांडा: २१ क्लिक, २५० ग्रॅम, केनियाच्याच खेपा. ३:००. दळल्यावर वास घ्यायला विसरू नये.

आंबट लागली तर एक क्लिक बारीक, जिभेला ओढली तर एक क्लिक जाड. एका दिवसात एकच क्लिक.

१२ जुलै

हिशेब. साहित्य, आरओवाल्याची फेरी आणि नळ्या धरून १२०६० रुपये, दाणे ३४५० आणि सरावाचे ४५०. एकूण १५९६०. वाया गेलेले आफ्रिकन दाणे सुमारे १८० ग्रॅम, म्हणजे सव्वाआठशे रुपये. त्यातले निम्मे मिक्सर आणि लसणाच्या चटणीपायी. वेळ सगळ्यात जास्त पाण्याने खाल्ला, आठ दिवस. टीडीएस मीटर पहिल्या दिवशी घेतला असता तर दोन दिवसांत आटपलं असतं.

विमानतळावरच्या काळ्या तेलकट दाण्यांचा मार्ग सापडला. व्ही६० मध्ये राखेसारखे लागतात, पण बारीक दळून स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरमध्ये घातले आणि दुधाबरोबर घेतले तर फक्कड. हातातल्या ग्राइंडरला मात्र त्यांचं तेल लागू देऊ नका, हे मिक्सरमध्येच फिरवा.

कागद संपत आलेत. दुकानात पांढरे नव्हते म्हणून तपकिरी आणले. पहिल्या कपाला पुठ्ठ्याचा वास आला. पांढऱ्याला १०० मिली पाण्याने धुणं पुरायचं, याला ३०० लागलं. फ्रीजरमध्ये केनियाच्या तीन नळ्या उरल्यात, त्या पांढरे कागद येईपर्यंत काढणार नाही.